मार्क टू अँबॅसडर, १९६५ : वायरिंगच्या नोंदी

१४ नोव्हेंबर, फैजपूर

गाडी आली. चोपड्याला मामांच्या सरकीच्या गोदामात कित्येक वर्षं उभी होती, टेम्पोवर चढवून यावलमार्गे घरी आणली. मामी निघताना म्हणाल्या, "रंगाचं नंतर बघ रे, आधी चालती कर. यांना ती उभी बघवायची नाही." मामा गेल्यापासून गाडीला कुणी किल्ली लावलेली नाही.

१९६५ ची मार्क टू. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची, मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीच्या साच्यावरची. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, डिपर डाव्या पायाखाली, आणि इंडिकेटरचा खटका थेट स्टीअरिंगच्या मधोमध. चार्जिंगला अल्टरनेटर नाही, डायनामो, म्हणजे जुन्या पद्धतीचा डीसी जनरेटर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला आणि मायनस वायरीत. त्या काळच्या इंग्रजी घराण्याच्या गाड्यांत हीच पद्धत होती. आज कुणीही वायरमन गाडीला हात लावताना मायनस बॉडीला धरून चालतो. या गाडीचे निम्मे आजार तिथूनच सुरू झाले असावेत असा माझा अंदाज आहे.

पत्रा बरा आहे. पुढच्या पायदानाखाली दोन्हीकडे गंज, डिकीच्या तळाला एक भोक. जळगावच्या डेंटरचाचांना फोटो पाठवले, त्यांनी फेब्रुवारीनंतरची वेळ दिली. चांगलंच झालं. पत्र्याआधी वायरिंग करायचं ठरवलं आहे, कारण रंग झाल्यावर अर्थसाठी रंग खरवडायला हात धजत नाही.

१८ नोव्हेंबर

अजून एकही वायर कापलेली नाही, कापणारही नाही. आधी नकाशा.

सरकीमुळे गोदामात उंदीर होते आणि त्यांनी डॅशबोर्डखाली बरंच कुरतडलं आहे. पण उंदरांपेक्षा माणसांनी जास्त गोंधळ घातलाय. ज्याच्या हाताला जी वायर लागली ती त्याने ओढली. लाल, काळी, घरातल्या पंख्याची पांढरी, एके ठिकाणी तर मोटारपंपाच्या केबलचा तुकडा.

मूळ वायरिंग लुकास या इंग्रजी कंपनीच्या पद्धतीचं आहे आणि त्यात रंगांना शिस्त आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, कायम करंट. पांढरी इग्निशन चालू केल्यावर, पण फ्यूजशिवाय. हिरवी इग्निशननंतर आणि फ्यूजमधून. जांभळी फ्यूजमधून पण कायम, म्हणजे हॉर्न आणि आतला दिवा. निळी हेडलाइटची, तिच्यावर पांढरी रेघ असेल तर अप्पर, लाल रेघ असेल तर डिपर. नुसती लाल पार्किंगची आणि टेललाइटची. हिरवीवर लाल रेघ डावा इंडिकेटर, पांढरी रेघ उजवा, जांभळी रेघ ब्रेकलाइट. पिवळी डायनामोच्या डी टोकाची (इथून करंट बाहेर येतो), पिवळी-हिरवी एफ टोकाची (आतल्या फील्डच्या गुंडाळीचं टोक). काळी अर्थ.

वरून सगळ्या वायरी आता एकाच मातकट रंगाच्या दिसतात. पण सुती वेणीचं वेष्टण दोन-तीन इंच मागे सारलं की आतला रंग अजून ताजा आहे. प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी बांधली आणि पत्नीने वहीत उतरवून घेतलं. फ्यूज फक्त दोन आहेत, ३५ अँपिअरचे. हेडलाइटला आणि पार्किंगला मुळात फ्यूजच नाही. त्या काळात तसंच होतं. हे मात्र मी बदलणार आहे.

३० नोव्हेंबर

इंजिनाबद्दल थोडक्यात. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडून ठेवलं होतं, आज पुढून हँडल घालून फिरवलं, मोकळं फिरलं. टाकी उतरवून धुतली. कार्बुरेटर उघडून साफ केला. इंजिन धडधाकट आहे, त्याची काळजी नाही.

८ डिसेंबर

बॅटरी जोडण्याचा दिवस. आधी खात्री केली की गाडी खरंच पॉझिटिव्ह अर्थच आहे, मध्ये कुणी फिरवलेली नाही. बॅटरीचा प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो, त्यामुळे क्लॅम्पही जाड. बॉडीला जाणाऱ्या जुन्या पट्टीचा क्लॅम्प मोठ्या भोकाचा निघाला. शंका मिटली.

तरी बॅटरी थेट जोडली नाही. मायनसच्या मार्गात २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब मालिकेत लावला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, वायर जळत नाही. जुन्या गाडीला पहिल्यांदा बॅटरी लावणाऱ्या प्रत्येकाने हे करावंच, खर्च एका बल्बचा आणि वाचतं सगळं वायरिंग.

बल्ब लखलखीत पेटला. सगळे स्विच बंद असताना!

फ्यूज काढले, तरी पेटलेलाच. मग अ‍ॅमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या काट्याच्या) मागच्या तपकिरी वायरी एकेक सोडवत गेलो. अखेर एक लाल, नंतर घातलेली वायर सोडली तेव्हा विझला. ती जात होती ग्लोव्ह बॉक्सखालच्या कॅसेट प्लेअरला. या प्लेअरची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. त्याची धातूची पेटी आतून मायनसला जोडलेली, आणि गाडीची बॉडी प्लस. पेटी बॉडीला टेकली की बॅटरी थेट शॉर्ट. ज्याने बसवला त्याला हे माहीत होतं, कारण त्याने पेटीखाली सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं होतं आणि एरियल जोडलीच नव्हती. एरियलच्या केबलची बाहेरची जाळी पेटीला लागते आणि तिचं दुसरं टोक बॉडीला, म्हणजे तिथूनही शॉर्ट झाला असता. माणूस जाणकार होता. पण रबर वाळून भुगा झालं आणि पेटी पट्टीला टेकली.

प्लेअर काढला. मामांच्या कॅसेट डब्यात जपून ठेवल्या आहेत. आता बल्ब पूर्ण विझलेला राहतो.

१६ डिसेंबर

आज भुसावळहून आबा आले होते. भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये आयुष्य काढलेले इलेक्ट्रिशियन, आता निवृत्त. मूळचे साक्रीकडचे, बोलणं अजून अहिराणी. डीसी करंट त्यांना जितका कळतो तितका मला माहीत असलेल्या कुणालाच कळत नाही.

त्यांना मागचे दिवे दाखवले. लक्षण असं होतं : उजवा इंडिकेटर लावला की इंडिकेटर जेमतेम लुकलुकतो, पण दोन्ही टेललाइट त्याच तालात मिणमिणतात. ब्रेक दाबला की उजवीकडे सगळंच अंधुक. गावातल्या दोघांनी स्विच बदला, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बदला असं सांगितलं होतं.

आबांनी काहीच उघडलं नाही. म्हणाले, "भाऊ, मीटर आन." ब्रेक दाबून धरायला लावला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, दुसरं उजव्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्यावर. हे दोन्ही बिंदू म्हणजे एकच अर्थ, मीटरने शून्याच्या जवळ दाखवायला हवं. दाखवलं ४.२ व्होल्ट. "दख. करंट येस, पन जावाले वाट नही."

पॉझिटिव्ह अर्थमध्ये पुस्तकी करंट बॉडीकडूनच येतो आणि वायरीने परत जातो, हे मी म्हटलं. आबा म्हणाले, कुठूनही मोज, वाट पुरी नसेल तर दिवा लागणार नाही. खरं आहे. उजव्या दिव्याच्या तळाशी गंज असल्याने त्याची बॉडीशी जोडणी तुटल्यासारखी झाली होती. मग इंडिकेटरच्या बल्बमधल्या तारेला बॉडी मिळेना, तेव्हा करंटने शेजारच्या टेललाइटच्या बल्बमधल्या तारेतून वाट काढली, लाल वायरीने डाव्या दिव्यापर्यंत गेला आणि तिथे बॉडीला मिळाला. म्हणून इंडिकेटर लावला की टेललाइट मिणमिणायचे. स्विच आणि फ्लॅशर दोन्ही निर्दोष.

दिवा उतरवला. पत्र्यावर चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारला, दातेरी वायसर घातला, वरून व्हॅसलीन लावलं. शिवाय प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून एक काळी वायर थेट एका बोल्टवर आणली, तिच्या टोकाला थिंबल डाग देऊन. आता तेच माप ०.१ व्होल्ट. इंडिकेटर टकटक वाजतो आणि टेललाइट त्याला दाद देत नाहीत.

आबा असतानाच इंजिनाची अर्थपट्टीही बघून घेतली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट या एका विणलेल्या पट्टीतून जातो. ती अर्धी तुटलेली होती. अशा वेळी करंट चोकच्या केबलमधून वाट शोधतो आणि केबल तापते. नवी जाड पट्टी घातली.

आबांनी चहा घेतला, गाडीभाडं सुद्धा घ्यायला तयार नव्हते. जाताना अंगणातली केळफुलं मात्र मागून नेली.

५ जानेवारी

डायनामो.

चार्जिंगचा लाल दिवा इंजिन चालू असताना विझत नव्हता. हा दिवा दोन टोकांमध्ये लावलेला असतो, एक इग्निशनची पांढरी वायर, दुसरं डायनामोचं डी टोक. डायनामोने बॅटरीइतका व्होल्टेज केला की दोन्हीकडे सारखं होतं आणि दिवा विझतो. तो विझत नाही म्हणजे डायनामो काही निर्माणच करत नाही, किंवा केलेलं दिव्यापर्यंत पोचत नाही. आयडलिंगला थोडा मिणमिणत असेल तर तो दोष नव्हे, डायनामोचा तो स्वभाव आहे.

तपासणी सोपी. डी आणि एफ दोन्ही वायरी सोडायच्या, दोन्ही टोकं एका छोट्या तारेने एकत्र जोडायची आणि मीटर त्या तारेवर व बॉडीवर. इंजिन हळूहळू वाढवायचं. चांगला डायनामो हजार आरपीएमच्या आतबाहेर २० व्होल्टपर्यंत झरझर चढतो, त्यापुढे न्यायचं नाही. एखादाच व्होल्ट आला तर फील्डच्या (चुंबकत्व देणाऱ्या, स्थिर) गुंडाळीत दोष, चार-पाच आले तर आर्मेचरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात. आमचा काटा एकाच्या वर सरकेना. फील्डचं रेझिस्टन्स ६ ओहमच्या आसपास हवं, मीटरने काहीच दाखवलं नाही. तार तुटलेली.

नवा डायनामो शोध, अल्टरनेटर टाक, असे सल्ले सगळीकडून आले. पण मी राहतो केळीच्या पट्ट्यात. इथे प्रत्येक मोठ्या गावात विहिरीच्या मोटारी बांधणारी दुकानं आहेत आणि त्या लोकांचे हात तांब्याच्या तारेवर बसलेले आहेत. इथल्याच रिवाइंडिंगवाल्या दादांकडे डायनामो नेला. त्यांनी असलं काम पूर्वी केलेलं नव्हतं. फील्डची जुनी गुंडाळी उलगडताना वेढे मोजले, तारेचा गेज मापला, आणि तशीच नवी बांधून वर वार्निश दिलं. रेझिस्टन्स ६.१ ओहम आलं. मला वाटतं, खान्देशात जुन्या गाडीच्या डायनामोसाठी कुणीही मुंबई-दिल्लीला धावू नये.

कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, लेथवर हलका घासून घेतला. तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका करवतीच्या पात्याने साधारण पाऊण मिलिमीटर खाली नेला, कारण मायका वर राहिला की त्यावर टेकलेला कार्बन (ब्रश) उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. कार्बन नवे. मागचा पितळी बुश नवा घातला, तो आदल्या दिवशी इंजिन ऑइलमध्ये २४ तास बुडवून ठेवला होता. हा बुश सच्छिद्र असतो, तेल पिऊन ठेवतो आणि नंतर पुरवून वापरतो. कोरडा बसवला तर लवकर खातो.

७ जानेवारी

डायनामो बसवला, पण पट्टा चढवून लगेच इंजिन चालू केलं नाही. डायनामो कुठल्या दिशेने करंट देणार हे त्याच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर ठरतं. गुंडाळी नव्याने बांधल्यावर ते कसं आहे याचा भरवसा नाही. उलट्या दिशेने चालला तर कटआऊटचे (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट मिटताक्षणी डायनामो आणि बॅटरी एकमेकांच्या व्होल्टेजमध्ये भर घालतात आणि पॉइंट चिकटून बसतात.

म्हणून एफची वायर सोडून, बॅटरीच्या मायनसकडून आणलेली तार एफ टोकाला दोन-तीनदा क्षणभर टेकवली. छोटी ठिणगी उडते. एवढ्याने चुंबकत्व या गाडीच्या अर्थप्रमाणे लागतं. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत हीच तार प्लसकडून आणावी लागते.

मग इंजिन. लाल दिवा विझला. मामींना फोन केला.

१९ जानेवारी

कटआऊटची पेटी. नाव कटआऊट असलं तरी आत दोन गोष्टी आहेत. एक खरंच कटआऊट : डायनामोचा व्होल्टेज १२.७ ते १३.३ च्या दरम्यान पोचला की पॉइंट मिटून बॅटरी जोडतो, इंजिन मंदावलं की उघडतो, नाहीतर बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होईल. दुसरा रेग्युलेटर : फील्डचा करंट सेकंदात कित्येकदा तोडून-जोडून व्होल्टेज ताब्यात ठेवतो.

पॉइंट काळे पडले होते. रेग्युलेटरचे पॉइंट बारीक कार्बोरंडम दगडाने घासायचे, कटआऊटचे मात्र मऊ धातूचे असतात, त्यांना फक्त बारीक काचपेपर. उलटसुलट केलं तर पॉइंट खराब होतात. नंतर स्पिरिटने पुसले.

रेग्युलेटरचं माप बॅटरी तोडून घ्यावं लागतं. पेटीच्या ए आणि ए-वन टोकांच्या वायरी सोडून एकमेकींना जोडल्या, मीटर डी आणि अर्थवर, इंजिन हळू वाढवत नेलं. काटा थरथरून एका जागी थांबतो तो आकडा. आज सकाळी कडाक्याची थंडी होती, आकडा १६.२ आला. सोळा ऐकून कुणीही दचकेल की बॅटरी उकळेल. पण हा बिनलोडचा आकडा आहे. रेग्युलेटरच्या गाभ्यावर जाड तारेचेही थोडे वेढे असतात, चार्जिंगचा करंट त्यातून जातो आणि जसा करंट वाढेल तसा व्होल्टेज आपोआप खाली आणतो. बॅटरी जोडल्यावर तिच्या टोकांवर मला १४ च्या आसपास मिळाले.

स्प्रिंगमागे दोन धातूंची पट्टी असते, गरम झाली की वाकते आणि मर्यादा खाली आणते. थंडीत बॅटरीला जास्त व्होल्टेज लागतो, उन्हात कमी. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे दहा अंश आणि मे महिन्यात पंचेचाळीस, त्यामुळे ही पट्टी काम करते की नाही हे मे मध्ये पुन्हा मोजायचं आहे.

२ फेब्रुवारी

इंजिन वेगात असताना अधूनमधून अडखळत होतं. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५, दोन्ही बरोबर. मग ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल पाहिली. ती नंतर कधीतरी घातलेली, प्लस-मायनस लिहिलेली. बसवणाऱ्याने इग्निशनची पांढरी वायर प्लसला आणि डिस्ट्रिब्युटरची मायनसला दिली होती. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत हेच बरोबर. इथे उलट हवं : प्लस डिस्ट्रिब्युटरकडे, मायनस इग्निशनकडे.

फरक पडतो तो प्लगवर. प्लगचा मधला कांडा तापलेला असतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून तो मायनस असला तर कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. उलटी कॉइल असली तर गाडी चालते, पण ठिणगीला जास्त जोर लागतो आणि वेगात तो पुरत नाही. दोन वायरींची अदलाबदल केली. अडखळणं थांबलं.

१६ फेब्रुवारी

लोडचा हिशेब. वहीत मांडला, इथे उतरवतो, कारण अल्टरनेटर टाकायचा की नाही हे यावरच ठरणार होतं.

डायनामो देतो २२ अँपिअर. गाडीत कुणीतरी १०० वॅटचे हॅलोजन घातले होते. दोन दिव्यांचे २०० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेसोळा अँपिअरहून जास्त. त्यात पार्किंग, टेल आणि नंबरप्लेटचे मिळून अडीच, इग्निशनचे साडेतीन, वायपरचे तीन. बेरीज पंचवीसच्या पुढे. रात्री पावसात ही गाडी डायनामोवर नव्हे, बॅटरीवर चालायची. "अँबॅसडरची बॅटरी टिकत नाही" असं मामा म्हणायचे, त्याचं कारण इथे आहे.

मूळचे ४५/४० वॅटचे बल्ब घातले. ९० वॅट, साडेसात अँपिअर. एकूण सोळा-साडेसोळा. बावीसमध्ये बसलं, बॅटरी भरायलाही उरलं.

उजेड कमी होईल ही भीती होती, पण झाला उलट परिणाम. पूर्वी करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून, पायाखालच्या गंजलेल्या डिपरमधून आणि बारीक वायरीने जायचा. बल्बपर्यंत पोचता पोचता १२.६ चे ९.८ व्होल्ट उरायचे. आता अप्पर-डिपरला एकेक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीकडून जाड वायर, प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज. बल्बवर १२.३ मिळतात. दिव्याला व्होल्टेज थोडा कमी पडला तरी उजेड फार कमी होतो, त्यामुळे हे दोन-अडीच व्होल्ट रस्त्यावर लख्ख दिसतात.

एलईडीबद्दल विचारणा झाली. बाजारातले बहुतेक एलईडी बल्ब निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेले, या गाडीत लागणारच नाहीत. शिवाय जुना फ्लॅशर गरम होऊन चालतो, त्याला दोन २१ वॅटच्या बल्बांचा करंट लागतो, एलईडीवर तो टकटक करत नाही.

तर अल्टरनेटर नाही, आणि अर्थही फिरवणार नाही. गाडी ज्या हिशेबाने बनवली त्या हिशेबात ठेवली तर ती पुरते.

९ मार्च

स्टीअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न वाजतो. सावद्याच्या बाजारात दोन म्हशी बिथरवल्या.

हॉर्नला जांभळी वायर कायम करंट देते आणि बटण फक्त अर्थ पुरवतं. म्हणजे बटणाची जांभळी-काळी वायर कुठेही पत्र्याला टेकली तरी हॉर्न वाजणार. ती वायर आणि इंडिकेटरच्या वायरी स्टीअरिंगच्या आत एका बारीक नळीतून खाली जातात आणि स्टीअरिंग बॉक्सच्या तळातून बाहेर येतात. नळी खालच्या नटने धरलेली असते, चाक फिरतं पण नळी फिरू नये. तो नट ढिला होता, नळी चाकाबरोबर थोडी फिरायची आणि वायरी पिळवटायच्या. वरून बॉक्समधलं तेल झिरपून वेष्टण मऊ झालेलं.

नट सोडताना खाली परात ठेवावी लागते, बॉक्सचं सगळं तेल त्याच वाटेने येतं. नव्या वायरी जुन्यांच्या टोकाला बांधून वरून ओढून घेतल्या. मूळ रंगाच्या वायरी जळगावात मिळाल्या नाहीत, दुकानात लाल-काळी-पिवळी एवढंच. रेघांच्या वायरी दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवल्या. रंगाचा आग्रह धरतोय कारण माझ्यानंतर ही गाडी जो कुणी उघडेल त्याला वही शोधावी लागू नये.

पेट्रोलचा काटाही आजच. टाकी रिकामी असो की भरलेली, काटा कायम फुलवर. जुन्या जातीच्या या काट्यात टाकीकडची वायर तुटली की काटा फुलला जातो, अर्थला टेकवली की रिकाम्यावर. नंतरच्या गाड्यांत नेमकं उलट. टाकीवरची वायर सोडून पत्र्याला लावली, काटा खाली आला. म्हणजे काटा आणि वायर ठीक, टाकी धुऊन बसवताना रंगामुळे तिचा अर्थ तुटलेला. एक काळी वायर वाढवली.

२२ एप्रिल

डेंटरचाचांकडून पत्र्याचं काम होऊन आलं. पायदानं नवीन, डिकीचं भोक बुजलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामींना चोपड्याहून आणायचं म्हणून गाडी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला काढली. दुपार, पारा ४३. यावल सोडून थोडं पुढे गेलो आणि गाडी बंद.

खान्देशात उन्हाळ्यात जुनी गाडी बंद पडली की जो भेटेल तो एकच निदान करतो : पेट्रोलची वाफ झाली, पंपावर ओलं फडकं टाका. बरेचदा ते खरंही असतं. पण फडकं टाकण्याआधी ठिणगी बघावी. प्लगची वायर काढून बॉडीपासून थोड्या अंतरावर धरली. ठिणगी होती, पण पिवळी, मरतुकडी. पेट्रोलचा दोष नाही.

निंबाच्या सावलीत डिस्ट्रिब्युटर उघडला. पॉइंट निळसर जळलेले आणि एका बाजूला टेंगूळ. हे कंडेन्सरचं काम. पॉइंट उघडताना करंट झटकन तुटला तरच कॉइल जोरदार ठिणगी देते, आणि तो झटका कंडेन्सरमुळे मिळतो. थंड असताना कंडेन्सर चालतो, तापला की आतून गळतो. जवळ एक सुटा होता तो घातला, पॉइंट घासले, गाडी चालू झाली.

घरी येऊन काढलेला कंडेन्सर मोजला. ०.१८ ते ०.२३ मायक्रोफॅरॅड हवं, थंड असताना ०.२० दाखवलं, एकदम बरोबर. केस वाळवायच्या ड्रायरने तापवला तर आकडा डळमळू लागला. आता बाजारातले स्वस्त नवे कंडेन्सर घेतले तरी बसवण्याआधी तापवून मोजतो, त्यातले काही तिथेच बाद होतात. जुन्या साठ्यातले पाकीटबंद लुकास-टीव्हीएसचे मिळाले ते उत्तम निघाले.

१२ मे

सावलीत ४२. रेग्युलेटर पुन्हा मोजला : १५.६. जानेवारीत १६.२ होता. दोन धातूंची पट्टी साठ वर्षांनंतरही आपलं काम करते आहे, स्क्रूला हात लावायची गरज पडली नाही. बॅटरीचं पाणी मात्र आठवड्याला पाहतो, या उन्हात ते उडतंच.

२० मे

कागदपत्रं. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची, धंद्यासाठी न वापरलेली, मूळ रूपात असलेली गाडी हवी. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणाला ५,०००. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, पण प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठी रस्त्यावर नेता येते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. मामींच्या नावावरून हस्तांतर करायचं असेल तर ते आधी करावं लागेल, आरसीवरचा चॅसिस नंबर प्लेटशी जुळवून फोटो घेतले. नोंद मामींच्याच नावे ठेवावी असं माझं मत आहे, त्या नको म्हणतात. हा निर्णय अजून व्हायचा आहे.

२८ मे

राहिलेली कामं : वायपरची मोटर मध्येच थांबते, बहुधा कार्बन. डॅशबोर्डच्या दिव्यांपैकी एक लागत नाही. सेल्फचा पिनियन कधीकधी अडकतो, स्प्लाइनवर ग्रीस कुणीतरी लावलेलं आहे, ते धुऊन कोरडं ठेवायचं, ग्रीसवर क्लचची धूळ बसते. वायपर आधी, मृगाला फार दिवस नाहीत. मोटर उद्या रिवाइंडिंगवाल्या दादांकडे न्यायची आहे, त्यांनी या खेपेला आर्मेचरही बघतो म्हटलंय.